सीईपी वाढवायचा कसा? तालुक्याच्या कॉलेजातल्या नव्या समन्वयकांसाठी

कॉलेजात नुकत्याच रुजू झालेल्या, बऱ्याचदा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती जून-जुलैत एक कार्यालयीन पत्र पडतं. ‘कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्रॅम’चे, म्हणजे सीईपीचे, समन्वयक म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे. काय करायचं, कुठून सुरू करायचं, मागच्या वर्षी काय झालं, यातलं काहीच पत्रात नसतं. हा लेख त्या प्राध्यापकासाठी आहे. मागच्या वर्षी एका विभागाने कसाबसा पार पाडलेला सीईपी या वर्षी सगळ्या विभागांत न्यायचा आहे आणि तोही अर्थपूर्ण व्हावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठीही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०प्रमाणे महाराष्ट्रात पदवीची जी नवी रचना आली, तिच्यात द्वितीय वर्षाला क्षेत्र प्रकल्प आणि सीईपी आले, प्रत्येकी दोन श्रेयांकांचे. विद्यापीठागणिक सत्र थोडं मागेपुढे असतं, म्हणून आपल्या विद्यापीठाची रचना आधी नीट वाचा. प्रत्यक्ष कामाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचे ६० तास आपल्या हातात आहेत. हे तास पथनाट्य, प्रभातफेरी आणि वृक्षारोपणात घालवता येतात. ते तास त्या मुलाला त्याचा विषय पहिल्यांदा खरा वाटावा यासाठीही वापरता येतात.

आधी एनएसएस आणि सीईपी वेगळे करा

पहिली गल्लत इथेच होते. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे आणि सात दिवसांच्या शिबिराला जायचं, ही तिची चौकट आपल्याला पाठ आहे. तिथे इतिहासाचा मुलगा आणि भौतिकशास्त्राची मुलगी एकाच बंधाऱ्यावर दगड वाहतात. ते तसंच असावं. एकत्र राहणं, एकत्र राबणं हे एनएसएसचं बळ आहे, पण अभ्यासक्रमाशी त्याचा थेट संबंध नाही.

सीईपीमध्ये विषय मध्यभागी येतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावात रसायनशास्त्र घेऊन जायचं आणि गावातून जास्तीचं रसायनशास्त्र घेऊन यायचं. काम करता करता शिकावं ही कल्पना आपल्याला परकी नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण या गांधीजींच्या कल्पनेची, मांडणी झाली. त्याच्याही आधी, १९१९मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि श्रमाला शिक्षणात मानाची जागा दिली. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी, म्हणजे आपल्या तालुक्याच्या कॉलेजासारख्याच स्थानिक मुलांसाठीच्या दोन वर्षांच्या कॉलेजांनी, सेवाशिक्षण, म्हणजे समाजसेवेतून शिकणं, वर्गातल्या विषयांशी जोडायचे पद्धतशीर प्रयत्न केले. त्यांच्या अनुभवातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. तिच्याकडे विस्ताराच्या टप्प्यावर येतो.

कुठलाही उपक्रम सीईपी म्हणून मंजूर करण्याआधी दोन प्रश्न विचारा. गावाच्या हाती नेमकं काय पडणार? आणि विद्यार्थ्याला आपल्या विषयातलं असं काय कळणार, जे वर्गात बसून कळलं नसतं? दोन्हींचं उत्तर एकेका वाक्यात देता आलं तरच पुढे जा.

विस्ताराबद्दल माझं ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी विस्तार म्हणजे यंदा दोन गावं, पुढच्या वर्षी दहा गावं, असं समजलं जातं. त्यातून दहा गावांत दहा बॅनर लागतात. तेच गाव ठेवावं आणि त्यात दरवर्षी एकेक विषय आणावा. तिसऱ्या वर्षी त्या गावाकडे पाण्याची, पिकांची, बचत गटांच्या हिशेबाची, बोलीची अशी स्वतःची नोंद जमलेली असते आणि कॉलेजच्या पाच विभागांना एकमेकांशी बोलायला कारण मिळालेलं असतं.

पायरी १: कॉलेजात आधीपासून काय चाललंय ते मांडा

नवं काही सुरू करण्याआधी पहिले दोन आठवडे फक्त विचारपूस करा. भूगोल विभाग दरवर्षी एखाद्या गावाचं सर्वेक्षण करतच असतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माती-पाण्याची तपासणी होत असते. वाणिज्यच्या एखाद्या मॅडम बचत गटांना स्वतःहून मदत करत असतात आणि कॉलेजात कुणाला त्याचा पत्ता नसतो. एनएसएसचं दत्तक गाव असतं. उन्नत भारत अभियानात, म्हणजे कॉलेजांना गावांशी जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेत, कॉलेज असेल तर त्याखाली निवडलेली गावंही असतात. हे सगळं एका कागदावर घ्या: विभाग, गाव, काम, तिथे ओळख असलेली माणसं. आपला सीईपी या कागदातूनच उभा राहायला हवा. कुणाचं चालू काम ओढून घेऊ नका. त्यांना त्या गावाचे मार्गदर्शक म्हणून सोबत घ्या.

कॉलेजच्या शिपायांशी, ग्रंथालय परिचरांशी आणि प्रयोगशाळा सहायकांशीही बोला. ते बहुतेक आसपासच्याच गावांतले असतात. कुठल्या गावात दोन गटांचं वैर आहे आणि कुठल्या सरपंचबाई खरोखर स्वतः कारभार पाहतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

पायरी २: एसटीच्या मार्गावरचं गाव निवडा

गाव निवडताना ‘आदर्श’ किंवा ‘मागास’ असे शिक्के बाजूला ठेवा आणि बसचं वेळापत्रक बघा. आपली निम्मीअधिक मुलं सवलतीच्या पासवर येतात. सकाळच्या गाडीने येऊन दुपारच्या गाडीने परत जातात. संध्याकाळी मुलगी उशिरा घरी पोहोचली तर पुढच्या भेटीला ती येत नाही. गाव पासाच्या मार्गावर असेल आणि परतीची गाडी उजेडात मिळत असेल तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

शहरातल्या मोठ्या कॉलेजांकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. आपले विद्यार्थी त्याच गावांत राहतात. हजेरीपट पुढे घेऊन द्वितीय वर्षाच्या मुलांची गावनिहाय यादी करा. ज्या गावातून सात-आठ मुलंमुली येतात तिथे भाषेची, घराघराची ओळख तयारच असते. मात्र सगळा गट त्याच गावचा ठेवू नका. पाच जणांच्या गटात दोन गावचे आणि तीन बाहेरचे असले की नवे प्रश्न पडतात. गावच्या मुलालाही आपलं गाव नव्याने दिसतं.

नगरपालिकेच्या हद्दीत कॉलेज असेल तर गावच हवं असा हट्ट नको. बाजारपेठेमागची वस्ती, ऊसतोड कामगारांचा तळ, वीटभट्टीवरची कुटुंबं हाही आपलाच समाज आहे.

पायरी ३: गावाला विचारा आणि ऐकून घ्या

या पायरीला निदान तीन भेटी द्या. घाई केलीत तर पुढचं सगळं वाया जाईल.

पहिली भेट ग्रामपंचायतीत. सरपंचांना आणि ग्रामसेवकांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या. हे पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं असलं तरी गाव त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणतं. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: मुलं किती येणार, कधी येणार आणि कॉलेज काय देऊ शकत नाही. तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. आपण रस्ता, घरकुल किंवा नळजोडणी आणू शकत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं की गाव आपल्याकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवतं.

दुसरी भेट आशाताई, अंगणवाडीताई, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांच्यासाठी. कार्यालयात बोलावू नका. त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेला जा. गावचे पुरुष पारावर सांगतील त्यापेक्षा वेगळ्या गरजा इथे कळतील. पारावर चर्चा रस्त्याची होते. आशाताई सांगतात की टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर, पडतं की नाही याची नोंद कुणी ठेवत नाही.

तिसरी भेट शिवारफेरीची. विद्यार्थ्यांना घेऊन गावठाणापासून शिवाराच्या टोकापर्यंत चालत जा, सोबत गावातले दोन जाणते असू द्या. विहिरी, ओढा, पडीक जमीन, स्मशानभूमी, वस्त्या यांचा कच्चा नकाशा जमिनीवर रांगोळीने किंवा चुन्याने काढा आणि गावकऱ्यांना तो दुरुस्त करू द्या. नकाशा दुरुस्त करता करता माणसं जे बोलतात ते प्रश्नावलीत येत नाही.

ही फेरी गावठाणात संपवायची नाही. दलित वस्ती, पारधी किंवा भिल्ल वस्ती, धनगरांचे वाडे, शेतातली घरं इथे गेलंच पाहिजे, आणि पहिल्याच दिवशी. गावाची गरज म्हणून जे सांगितलं जातं ती अनेकदा गावठाणाची गरज असते. कुणाच्या घरी पाणी प्यायचं, कुठे बसायचं, यावर विद्यार्थ्यांत कुजबुज होऊ शकते. कुणी कचरलं तर तिथे रागावू नका, पण परतल्यावर वर्गात त्यावर मोकळेपणाने बोला. गटात त्याच वस्तीतली मुलगी असेल तर तिच्याकडून ‘आमच्याकडे असं असतं’ हे वदवून घेऊ नका. तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल.

पायरी ४: गरज आणि विषय यांची गाठ मारा

समन्वयकाचं खरं काम हे आहे. विभागांची एक बैठक घ्या, गावाने सांगितलेल्या गरजा फळ्यावर लिहा आणि प्रत्येक विभागाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या द्वितीय वर्षाच्या अभ्यासक्रमातला कुठला धडा इथे लागू पडतो?

पाण्याचं उदाहरण सविस्तर घेतो, कारण ते जवळजवळ प्रत्येक गावात लागू पडतं आणि त्यात अनेक विभाग येऊ शकतात.

पिण्याच्या पाण्यासाठी आय.एस. १०५०० हे भारतीय मानक आहे. त्यानुसार विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. एकूण कठीणपणासाठी हे आकडे २०० आणि ६००, क्लोराइडसाठी २५० आणि १०००, फ्लोराइडसाठी १ आणि १.५. नायट्रेट ४५च्या वर चालत नाही, तिथे सवलत नाही. ईडीटीए या रसायनाने कठीणपणा आणि सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड काढणं हे प्रयोग आपली मुलं प्रयोगशाळेत करतातच, फक्त बाटलीतल्या तयार नमुन्यावर. तेच टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून केलेलं मोजमाप, गावच्या आडाच्या पाण्यावर केलं की ब्युरेटमधला आकडा कुणाच्या तरी घागरीचा होतो. मुलं तीनदा वाचन घेतात, चूक व्हायला नको म्हणून. रसायनशास्त्राला याहून चांगली शिस्त लावता येणार नाही.

जंतुदूषण तपासायला एचटूएस चाचणीच्या छोट्या बाटल्या मिळतात. पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवलं आणि काळं पडलं तर पाणी संशयास्पद. सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असेल तर पुढची तपासणी तो करेल. क्लोरीन शिल्लक आहे का यासाठी ओटी टेस्ट आहे, थेंब टाकून पाण्याचा रंग बघायची. ती गावचे जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीतर्फे पाण्याची देखरेख करणारे, करत असतात, निदान करायला हवी असते. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरायला हवं. टाकीजवळच्या घरात क्लोरीन दिसतं आणि शेवटच्या वस्तीत शून्य, असं निघालं तर तेवढ्या एका निरीक्षणावर भूगोल, गणित आणि समाजशास्त्राचे वर्ग घेता येतील.

जलसुरक्षकांना आपल्या गटाचे शिक्षक माना. त्यांची परीक्षा घ्यायला आपण आलेलो नाही. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या सर्वेक्षणात लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणतं आणि का, हे त्यांच्याकडून समजून घेणं हीच विद्यार्थ्यांची पहिली मुलाखत असू द्या.

एक कडक नियम पाळा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला निकाल म्हणजे सूचना, अंतिम निर्वाळा नव्हे. काही वावगं निघालं तर आधी ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, त्यांच्यामार्फत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा. विद्यार्थ्याने व्हॉट्सअॅपवर ‘आमच्या गावचं पाणी विषारी’ असं टाकलं तर गावाचा विश्वास कायमचा जातो.

याच पाण्यावर भूगोलाचे विद्यार्थी ठरलेल्या विहिरींची पातळी मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये मोजू शकतात. दोर, वजन आणि टेप एवढ्यावर हे काम होतं. हिवरे बाजारने पाऊस आणि भूजल मोजून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत घालून दिली. उरलेल्या पाण्यावर कोणतं पीक घ्यायचं हे तिथे त्या ताळेबंदावर ठरतं. असा ताळेबंद आपल्या गावासाठी मांडायचा तर सातत्याने आकडे लागतात, आणि दरवर्षी नवी तुकडी येणारं कॉलेज ते देऊ शकतं.

बाकी विषयांचं थोडक्यात सांगतो. वनस्पतिशास्त्र: जैविक विविधता कायदा २००२खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती कपाटात पडून असते. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांसोबत बसून रानभाज्या, जुनी वाणं, औषधी झाडं यांच्या नोंदी तपासाव्यात, नव्या सुचवाव्यात. कुठल्या झाडाचं औषध कोण देतं ही माहिती मात्र त्या माणसाच्या परवानगीशिवाय कागदावर येऊ नये. वाणिज्य: बचत गटाची रोकड वही, कर्जवाटप, व्याजाची आकारणी. भगिनींना हिशेब येतो, त्यांना तो लिहायला सोबत हवी असते. मराठी: बोलीतले शब्द, जात्यावरच्या ओव्या, शेतीच्या अवजारांची नावं नोंदवणं, आणि जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचून दाखवणं. संख्याशास्त्र: बाकी सगळ्यांची प्रश्नावली आणि नमुना निवड तपासणं.

वाणिज्य, राज्यशास्त्र आणि संगणकशास्त्र यांना एकत्र घेऊन होणारं एक काम मला फार मोलाचं वाटतं. ते निवृत्तिवेतनाचं. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्या निराधार वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. गावात अशी किती तरी माणसं असतात ज्यांचे पैसे येत होते आणि बंद पडले. खातं आधारशी जोडलेलं नाही, हयातीचा दाखला पोहोचला नाही, नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं आहे, अशी कारणं असतात. कुणाचं काय अडलंय हे शोधून त्या आजीसोबत बँकेत किंवा तहसीलला जाणं, यातून सार्वजनिक प्रशासन जितकं कळतं तितकं वर्गात कळणं अवघड आहे. इथेही नियम कडक हवेत. एक रुपयाही घ्यायचा नाही, कुणाचा ओटीपी विचारायचा नाही आणि ‘काम करून देतो’ असं म्हणायचं नाही. विद्यार्थी सोबत जातो, अर्ज त्या आजीचा असतो.

पायरी ५: ६० तास कागदावर मांडा

तास मोघम ठेवले की फेब्रुवारीत सगळं एकदम अंगावर येतं. पाण्याच्या गटासाठी अशी मांडणी जमते: वर्गात आणि प्रयोगशाळेत तयारी ८ तास, गावभेटी आणि नमुने १२, तपासणी २०, चर्चा आणि वही १०, अहवाल ६, गावासमोर मांडणी ४. प्रवासाचा वेळ यात धरायचा की नाही हे सुरुवातीलाच ठरवा आणि सगळ्या विभागांना एकच नियम लावा.

समजा द्वितीय वर्षाला १२० विद्यार्थी आहेत. पाच-पाचचे २४ गट झाले. एका शिक्षकाकडे चार गट दिले तर सहा शिक्षक लागतात. हे सहा जण उपप्राचार्यांकडून वेळापत्रकात लिहून घ्या. प्रात्यक्षिकाच्या तासांना जोडून शनिवारची सकाळ मिळाली तर उत्तम. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना हे काम द्यायचं असेल तर त्या तासांचं मानधन मिळेल याची लेखी सोय आधी करा. फुकट राबवून घेतलेल्या शिक्षकाकडून समाजभान शिकवलं जावं अशी अपेक्षा धरणं अन्याय आहे.

गावाचं वेळापत्रकही पाहा. सोयाबीनची काढणी, ऊसतोड, जत्रा, लग्नसराई या दिवसांत घरी कुणी भेटत नाही, आणि आपली मुलंही शेतात असतात. दुकानात किंवा पेट्रोल पंपावर काम करून शिकणाऱ्या मुलांना शनिवार जमत नाही. त्यांना स्वतःच्या गावात संध्याकाळी करता येईल असं काम द्या, विहिरीची पातळी मोजणं किंवा शाळेतलं वाचन. सवलत म्हणून नको, बरोबरीचं काम म्हणून.

पायरी ६: परवानगी, सुरक्षितता, संमती

पालकांना मराठीत साधं पत्र पाठवा: कुठे, किती वाजता, कोणते शिक्षक सोबत, परतीची गाडी कोणती. विहिरीजवळ कधी एकट्याने जायचं नाही. सोबत प्रथमोपचार पेटी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन नंबर ठेवा. शाळेत किंवा अंगणवाडीत काम असेल तर कुणाही विद्यार्थ्याने मुलांसोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, तिथले शिक्षक किंवा ताई हजर हव्यातच.

माहिती गोळा करताना विचारून घ्या, आणि नको म्हटलं तर उठून या. आधार कार्डाचा, बँक पासबुकाचा, आजाराच्या कागदांचा फोटो विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये जाता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी हे पाळायला हवं होतं. अहवालात घरांना क्रमांक द्या, नावं नकोत.

जिओटॅग फोटोंबद्दलही लिहायला हवं. नॅकच्या मूल्यांकनासाठी, आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, फाइलसाठी ते लागतात, मान्य. म्हणून प्रत्येक भेटीचा एक फोटो, तोही गटाचा किंवा कामाचा, एवढं ठरवून टाका. म्हातारीच्या हातात साडी-फराळ देतानाचे फोटो नकोत. ज्या माणसाकडून आपण शिकायला गेलो त्याला लाभार्थी म्हणून उभं करू नये.

पायरी ७: प्रत्येक भेटीनंतर वर्गात बसा

वेळ कमी पडला की सगळ्यात आधी हीच पायरी गाळली जाते आणि मग सीईपीचं पुन्हा श्रमदान होतं. गावातून आल्यावर तीन दिवसांच्या आत एक तास वर्गात बसा. प्रत्येकाची साधी शंभर पानी वही असू द्या. घरी बसून कॉपी-पेस्ट केलेला टाइप अहवाल यासाठी चालत नाही, वही हातानेच लिहायची. लिहायला प्रश्न द्या, नाहीतर ‘आम्ही गावात गेलो, खूप छान वाटलं’ एवढंच येतं. काय पाहिलं? पुस्तकातलं काय जसंच्या तसं दिसलं आणि काय जुळलं नाही? कुणाचं म्हणणं ऐकायचं राहिलं? पुढच्या भेटीत काय वेगळं करणार?

पुस्तकाशी न जुळलेलं निघेल तिथे रेंगाळा. अर्थशास्त्राच्या मुलीला दिसतं की शेतकरी तोट्यातही म्हशी विकत नाही. का? त्याचं उत्तर शोधताना ती नफा, रोख पैसा, शेणखत, घरातल्या बाईच्या हातातला पैसा या सगळ्यापर्यंत जाते. त्या तासाला शिक्षकाने उत्तर देऊन टाकू नये.

गुणदान याच वहीवर मुख्यतः व्हावं. बऱ्याच विद्यापीठांत दोन श्रेयांकांना ५० गुण असतात. त्यातले २० वहीला, १५ कामाच्या अचूकतेला, १० गावासमोरच्या मांडणीला आणि ५ गावातल्या सोबतीच्या व्यक्तीच्या अभिप्रायाला, अशी विभागणी विद्यापीठाच्या नियमांत बसत असेल तर जरूर करा. आशाताईंनी दिलेले पाच गुण मुलं फार मनावर घेतात.

पायरी ८: गावाचं गावाला परत द्या

वर्षभर माहिती नेली आणि परत काहीच आलं नाही, हा अनुभव गावांना फार आहे. म्हणून सत्र संपण्याआधी एक पानी, मोठ्या अक्षरातला मराठी गोषवारा करा: काय मोजलं, काय आढळलं, गाव स्वतः काय करू शकतं, कुणाकडे अर्ज करावा लागेल. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, एक प्रत शाळेत द्या. शक्य असेल तर ग्रामसभेतच मांडा. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा होतात, त्यातली २६ जानेवारी किंवा १ मे आपल्या सत्राला सोयीची पडते. भाऊसाहेबांना महिनाभर आधी सांगून विषयपत्रिकेवर दहा मिनिटं मागून घ्या. महिलांची सभा वेगळी होत असेल तर तिथेही मांडा. पाण्याचे प्रश्न तिथे जास्त बारकाईने विचारले जातात.

मांडणी विद्यार्थ्यांनीच करायची. गावाने चूक दाखवली तर ती तिथेच लिहून घ्यायची.

पायरी ९: आता विस्तार

पहिलं वर्ष एक गाव आणि दोन विभाग, फार तर तीन. दुसऱ्या वर्षी त्याच गावात आणखी दोन विभाग आणा, आणि पहिल्या गटातल्या तृतीय वर्षाच्या चार-पाच मुलांना ‘गावमित्र’ म्हणून नव्या गटांसोबत जोडा. विहिरीचं माप कुठल्या काठावरून घ्यायचं हे त्यांना माहीत असतं. तिसऱ्या वर्षी दुसरं गाव, तेही जुन्या गावाच्या शिवेला लागून, म्हणजे ओढ्याचं पाणी वरून खाली कसं जातं आणि त्यावर काय भांडणं होतात हेही अभ्यासात येईल.

अमेरिकेच्या अनुभवातली जी गोष्ट म्हणालो ती पैशाची आहे. तिथे कम्युनिटी कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९४पासून सेवाशिक्षणाचा मोठा प्रकल्प चालवला आणि ‘लर्न अँड सर्व्ह अमेरिका’ या संघराज्य सरकारच्या योजनेचा निधी अशा कामांना मिळत असे. २०११मध्ये तो निधी बंद झाला. निधीवर उभं असलेलं काम निधीसोबत डगमगतं. विषयाच्या अभ्यासक्रमात आणि वेळापत्रकात शिरलेलं काम टिकायची शक्यता जास्त. म्हणून एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, किंवा अनुदान मिळालंच तर त्यातून टीडीएस मीटर, टेप, पर्जन्यमापक अशा टिकाऊ किंवा एकदाच घ्यायच्या वस्तू घ्या. दर महिन्याचा प्रवासखर्च त्यावर टाकू नका. तो विद्यार्थी विकास आणि विभागाच्या नियमित तरतुदीतून निघेल एवढाच ठेवा.

कामाचा भार एका माणसावर नको. समन्वयकाची बदली झाली किंवा तासिका तत्त्वावरची नेमणूक संपली की सगळं थांबतं, असं अनेक कॉलेजांत घडतं. प्रत्येक सहभागी विभागातून एक, ग्रंथालयातून एक, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि गावातले दोघे अशी छोटी समिती करा. सत्रातून दोनदा भेटा, त्यातली एक बैठक गावात घ्या. ग्रामपंचायतीशी तीन वर्षांचा लेखी करार करा, त्यात दोन्ही बाजूंची कामं साध्या मराठीत लिहा.

आणि एक फाइल तयार ठेवा, पुढच्या समन्वयकासाठी. तीत हजेरीपट आणि फोटो लागतातच, पण त्यांच्याआधी चार गोष्टी लावा. गावातल्या माणसांची यादी, कुणाला कोणत्या वेळी भेटावं या नोंदीसह. विहिरींचा नकाशा आणि आजवरची सगळी मापं. विद्यार्थ्यांच्या वह्यांतली निवडक पानं, त्यांची परवानगी घेऊन. आणि गावाने मागितलेली पण या वर्षी राहून गेलेली कामं. त्यातलं सगळ्यात जुनं काम पुढच्या जुलैच्या पहिल्या बैठकीत पहिला विषय म्हणून घ्या.